१०० मेगापास्कलच्या वरचं काँक्रीट आणि फटीग: १ आणि १० हर्ट्झचे आकडे जुळत का नाहीत?

प्रयोगवही:

उच्च क्षमतेच्या काँक्रीटवर दाबाखालच्या फटीगच्या (वारंवार भार देऊन थकवून फोडण्याच्या) चाचण्या चालू आहेत. तपशील असा:

पाणी-बाइंडर गुणोत्तर ०.२६, सिलिका फ्यूम (सिमेंटसोबत घालायची अतिबारीक पूड) ८ टक्के, खडी जास्तीत जास्त १६ मिमी. सिलिंडर १०० × २०० मिमी, दोन्ही टोकं ग्राइंड केलेली. २८ दिवसांची सरासरी स्थिर क्षमता (एकदाच भार चढवून फोडून मोजलेली) १०४ मेगापास्कल, तीन सिलिंडर. किमान स्ट्रेस पातळी (स्ट्रेस भागिले स्थिर क्षमता) ०.०५ कायम, कमाल ०.८०, ०.७० आणि ०.६०. साइन लहर, फोर्स कंट्रोल, १० हर्ट्झ. चाचण्या ३५ व्या दिवशी सुरू झाल्या आणि १२० व्या दिवसापर्यंत लांबल्या.

प्रश्न तीन.

पहिला: ०.७० पातळीला एक नमुना १२ हजार आवर्तनांत फुटला, दुसरा १ लाख ९० हजारांपर्यंत गेला. एकाच बॅचमध्ये एवढी तफावत चालते का?

दुसरा: ०.६० ला १० हर्ट्झचे दोन नमुने ३ लाखांच्या आसपास फुटले. तीच पातळी १ हर्ट्झला लावलेला नमुना १० लाख ओलांडूनही शाबूत आहे. ०.८० ला मात्र उलट दिसतं, तिथे १ हर्ट्झचा नमुना आधी फुटला. १० हर्ट्झच्या नमुन्यांचा पृष्ठभाग मध्यावर ५८ अंशांपर्यंत तापला होता, खोलीचं तापमान २७.

तिसरा: युरोकोड २ (काँक्रीट डिझाइनचा युरोपीय कोड) मधला (१ − क्षमता/२५०) हा गुणक पाहिला की वाटतं, क्षमता वाढवून फटीगमध्ये हाती काहीच लागत नाही. काँक्रीट खरंच एवढं वाईट आहे, की कोड फार सावध आहे?

---

लोडसेल:

आधी तफावतीचं बघू, कारण तिथली गडबड बहुतेक भाजकातच, म्हणजे ज्या क्षमतेने भागून पातळी काढली तिच्यातच आहे.

मॉडेल कोड २०१० (काँक्रीट डिझाइनचा आंतरराष्ट्रीय नमुना कोड) मधलं सूत्र तुमच्या किमान ०.०५ पातळीसाठी सोडवलं की सरळ रेषा मिळते: आवर्तनांचा लॉग = १५.९ × (१ − कमाल पातळी). त्यावरून ०.७५ ला साधारण ९ हजार, ०.७० ला ५८ हजार, ०.६५ ला साडेतीन लाख आणि ०.६० ला २२ लाख आवर्तनं येतात. रेषा किती उभी आहे ते पाहा. पातळी पाव दशांशानेही सरकली तरी आयुष्य दुपटीहून जास्त बदलतं.

आता त्या नमुन्याची खरी क्षमता तुम्ही धरलेल्या आकड्यापेक्षा ५ टक्के कमी असेल, तर ०.७० म्हणून लावलेली पातळी प्रत्यक्षात ०.७३५ च्या आसपास होते. आयुष्य १६ हजारांवर येतं. ५ टक्के जास्त असेल तर पातळी ०.६६७ आणि आयुष्य दोन लाखांच्या घरात. म्हणजे तुमचे १२ हजार आणि १ लाख ९० हजार हे दोन्ही आकडे साधारण ५ टक्क्यांच्या फरकातून जवळपास निघतात. एवढा फरक एकाच बॅचच्या स्थिर चाचण्यांतही दिसतो. फटीग वेगळं काही करत नाही, तो फरक लॉगच्या मापावर मोठा करून दाखवतो.

त्यात वयाची भर. सिलिका फ्यूम असलं तरी ३५ ते १२० दिवसांत क्षमता वाढतच राहते, आणि तुम्ही सगळ्यांना २८ दिवसांच्याच आकड्याने भागलं आहे. समजा १२० व्या दिवशी क्षमता ११२ झाली. तेव्हाचा ७२.८ मेगापास्कल कमाल स्ट्रेस म्हणजे ०.६५. ०.७० चा ठिपका आलेखावर ०.७० लाच दिसेल, पण तो तिथला नाही. उशिरा तपासलेले नमुने जास्त टिकले का, हे तारखांवरून लगेच कळेल. ते आधी बघा.

काय करावं:

नमुने निदान ९० दिवसांचे झाल्यावरच सुरुवात करा, म्हणजे वाढीचा वेग मंदावलेला असेल. दर दोन-तीन आठवड्यांनी त्याच बॅचचे तीन सिलिंडर स्थिर चाचणीत फोडा आणि प्रत्येक फटीग नमुन्यासाठी त्या तारखेची क्षमता आकड्यांच्या मधून काढून वापरा. एका बॅचमधून १२ फटीग नमुने हवे असतील तर स्थिर चाचणीसाठी आणखी ९ ते १२ ओता. लोक इथेच काटकसर करतात आणि मग महिनाभर मशीन चालवून निरुपयोगी आकडे गोळा करतात. पातळ्यांचा क्रमही मिसळा. आधी सगळे ०.८०, मग सगळे ०.७० असं केलं तर वय आणि पातळी यांचे परिणाम नंतर वेगळे करता येत नाहीत.

भाजकात क्यूबची (घनाकृती नमुन्याची) क्षमता कुणी घातलेली नाही ना, हेही एकदा पाहा. युरोकोडच्या सी ९०/१०५ वर्गात सिलिंडर ९० आणि क्यूब १०५ असतो. क्यूबच्या ०.७० म्हणजे सिलिंडरच्या ०.८२, आणि तिथे आयुष्य हजाराच्याही आत.

मग केंद्र. गोल छेदात भार मध्यापासून थोडा सरकला की कडेचा स्ट्रेस (८ × सरक ÷ व्यास) एवढ्या पटीने वाढतो. १०० मिमी व्यासाला १ मिमी सरक म्हणजे कडेला ८ टक्के जास्त. साधं काँक्रीट थोडं नमतं आणि हा फरक काहीसा वाटून घेतं. १०० मेगापास्कलचं काँक्रीट क्षमतेच्या ७०-८० टक्क्यांपर्यंत जवळजवळ सरळ रेषेत जातं, त्यामुळे कडेचा जादा स्ट्रेस तसाच राहतो. नमुना बसवताना १२० अंशांवर तीन एलव्हीडीटी (सरक मोजणारे सेन्सर) लावा, कमाल भाराच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत दोन-तीनदा चढवा-उतरवा आणि तिन्हींमधला फरक सरासरीच्या १० टक्क्यांत येईपर्यंत नमुना सरकवत राहा. टोकांचा सपाटपणा ०.०५ मिमीच्या आत हवा. गंधकाची टोपी किंवा रबरी पॅड या क्षमतेला आणि या आवर्तनांना अजिबात नको, टोपीच आधी थकते.

शेवटचं मशीनबद्दल. पडद्यावर दिलेला भार आणि मशीनच्या लोडसेलने (भारमापकाने) नोंदलेला भार हे दोन वेगळे आकडे आहेत. तुमच्या नमुन्याला ०.७० म्हणजे ५७२ किलोन्यूटन आणि ०.०५ म्हणजे ४१. १० हर्ट्झला एवढी झेप घेताना सर्व्हो-हायड्रॉलिक मशीन शिखराला थोडं कमी पडू शकतं, आणि नमुना मऊ होत गेला की कमी पडण्याचं प्रमाणही बदलतं. प्रत्येक आवर्तनाचं खरं शिखर आणि तळ नोंदवा, आणि पातळी त्यावरून काढा. ट्यूनिंग त्याच कडकपणाच्या बदली नमुन्यावर करा, चाचणीच्या नमुन्यावर नको.

---

गरमपट्टी:

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ५८ अंशांत आहे.

साधं गणित. ०.६० पातळीला स्ट्रेसचा पल्ला ५७ मेगापास्कल. लवचिकता गुणांक ४६ गिगापास्कल धरला तर प्रत्येक आवर्तनात घनमीटरमागे साधारण ३५ किलोज्यूल ऊर्जा आत जाते. भार उतरताना बहुतेक परत येते, पण हिस्टेरिसिसच्या वळशात (भार चढतानाच्या आणि उतरतानाच्या रेषांमधल्या फटीत) समजा ६ टक्के अडकते. ती २ किलोज्यूल. १० हर्ट्झला घनमीटरमागे २१ किलोवॉट. तुमच्या सिलिंडरचं आकारमान १.५७ लिटर, म्हणून त्यात ३३ वॉट. छोट्या बल्बएवढी उष्णता नमुन्याच्या पोटात सतत जळते आहे. बाजूचा पृष्ठभाग ०.०६३ चौरस मीटर. स्थिर हवेत तेवढ्यातून ती उष्णता बाहेर काढायला ५० अंशांचा फरक लागेल. वर-खालच्या लोखंडी प्लेटा बरीचशी शोषतात, म्हणून तुम्हाला ३१ अंशांचाच फरक दिसला. १ हर्ट्झला हेच ३.३ वॉट होतात आणि नमुना जेमतेम तीन अंश तापतो.

६ टक्के हा आकडा मिश्रणाप्रमाणे आणि पातळीप्रमाणे बदलतो, तुमच्या भार-विकृतीच्या (विकृती म्हणजे लांबीतला सापेक्ष बदल) वळशाचं क्षेत्रफळ मोजून खरा काढा. शेवटच्या टप्प्यात वळसा रुंदावतो आणि तापमान पुन्हा वर उसळतं. ती उसळी हे फुटण्याचं कारण मानू नका, ती फुटणं सुरू झाल्याची खूण असते.

तापल्याने आयुष्य का घटतं? पोट गरम, कातडी थंड. आतला भाग फुगायला बघतो आणि बाहेरच्या थराला परिघाच्या दिशेने ताणतो. दाबाखालच्या नमुन्यात उभ्या भेगा पडायला जो ताण लागतो, तो उष्णता अगोदरच देऊन ठेवते. शिवाय दाट पेस्टमधलं पाणी सहज बाहेर पडत नाही, गरम होऊन आतच दाब धरतं. साधं काँक्रीट सच्छिद्र असतं, त्याच्या नमुन्यावरचा स्ट्रेसही कमी असतो. ४० मेगापास्कलच्या काँक्रीटला त्याच पातळीवर पल्ला २२ मेगापास्कल. ऊर्जा वर्गाने वाढते, म्हणून तिथे घनमीटरमागे जेमतेम ७-८ किलोज्यूल. जुन्या चाचण्या १० हर्ट्झला निर्धास्त चालायच्या त्या यामुळे. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या २१५ क्रमांकाच्या समितीचा जो जुना दाखला सगळे देतात, की कमाल पातळी ०.७५ च्या खाली असेल तर मिनिटाला ७० ते ९०० आवर्तनांच्या पट्ट्यात वेगाने फारसा फरक पडत नाही, तो साध्या काँक्रीटचा अनुभव आहे. तो उचलून १०० मेगापास्कलला लावता येत नाही.

०.८० ला उलटं का झालं? तिथे आयुष्यच एवढं छोटं की तापायला वेळ मिळत नाही. हजार आवर्तनं १० हर्ट्झला पावणेदोन मिनिटांत उरकतात. तिथे चालतं ते क्रीप (भाराखाली वेळेनुसार वाढत जाणारी विकृती): १ हर्ट्झला प्रत्येक शिखरावर नमुना दहापट वेळ राहतो, भेगा वाढायला तेवढी सवड मिळते. दुसरा भाग लोडिंगच्या वेगाचा. स्थिर चाचणी सेकंदाला ०.६ मेगापास्कलच्या आसपास चालते, तर १ हर्ट्झलाच वेग सेकंदाला शंभराच्या वर जातो. मॉडेल कोडच्या वेगाच्या सूत्राने त्या वेगाला क्षमता ७-८ टक्के जास्त भरते, १० हर्ट्झला आणखी थोडी. म्हणजे तुमची ०.८० ही त्या वेगाच्या हिशेबात ०.७४-०.७५ च आहे. एकूण काय, दोन वेगांच्या रेषा एकमेकींना छेदतात: वर क्रीप जिंकतं, खाली उष्णता. फक्त एकाच वेगाने चाचणी केली असती तर हे दिसलंच नसतं.

उपाय:

०.७५ च्या वर १ हर्ट्झ. ०.६५ च्या आसपास २ ते ३, पंखा लावून. ०.६० ला वेग ठरवण्याऐवजी तापमान ठरवा: पृष्ठभाग मध्यावर ४० अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही, गेला तर वेग कमी. निदान एका नमुन्यात ओततानाच मध्यभागी थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) घाला, म्हणजे पोट आणि पृष्ठभाग यांतला फरक कळेल. नमुना लहान केला तरी फायदा होतो. ६० × १८० मिमीच्या सिलिंडरला आकारमानाच्या मानाने बाजूचा पृष्ठभाग १.७ पट पडतो, आणि १०४ मेगापास्कलला फुटायला २९४ किलोन्यूटनच लागतात. मात्र खडी तेव्हा ८ ते १० मिमीची घ्या. १६ मिमीची खडी ६० मिमीत घातली तर एकेक खडाच निकाल ठरवू लागतो.

विश्रांती देऊन थंड करायचा मोह होईल. तो टाळा. हिल्सडॉर्फ आणि केस्लर यांनी १९६६ मध्ये वाकवण्याच्या फटीगमध्ये दाखवलं की ५ मिनिटांपर्यंतची विश्रांती टिकाऊपणा वाढवते, त्याहून लांब विश्रांतीने आणखी वाढत नाही. म्हणजे थांबून थांबून केलेल्या चाचणीचा आकडा सलग चाचणीच्या आकड्यात मिसळता येत नाही.

वेळेचा हिशेब आधीच करा. ०.६० ला अपेक्षित २२ लाख आवर्तनं १ हर्ट्झला २६ दिवस, ५ हर्ट्झला ५ दिवस. म्हणूनच सगळे १० हर्ट्झकडे धावतात.

---

तुळई:

एवढी चर्चा काँक्रीटवर चालली आहे म्हणून थोडं पाणी टाकतो. प्रत्यक्षातल्या बहुतेक तुळयांत आणि स्लॅबमध्ये आधी सळी थकते, काँक्रीट नाही. युरोकोडमध्ये सरळ सळईला १० लाख आवर्तनांसाठी स्ट्रेसचा पल्ला १६२.५ मेगापास्कल, आणि वाकवलेल्या सळीला त्याहून कमी. हा आकडा काँक्रीटच्या ग्रेडने बदलत नाही. मग १०० मेगापास्कलच्या काँक्रीटच्या फटीगवर एवढा खल कशाला?

---

मनोरा:

तुळई, सामान्य तुळयांपुरतं पूर्ण मान्य. पण प्रीस्ट्रेस केलेल्या (आधीच दाबून ठेवलेल्या) छेदात भेग उघडतच नाही, सळीचा पल्ला नगण्य राहतो आणि दाबाचा पल्ला सगळा काँक्रीटवर येतो. पवनचक्कीचे काँक्रीटचे मनोरे, समुद्रातल्या खांबांचे ग्राउट केलेले सांधे, मोठ्या यंत्रांचे पाये: यांत २०-२५ वर्षांत दहा कोटींच्या पुढे आवर्तनं होतात. तिथे काँक्रीटचाच फटीग भिंतीची जाडी ठरवतो. उच्च क्षमता लोक तिथेच वापरतात.

आता तिसरा प्रश्न. आकडे मांडतो.

युरोकोड २ (२००४): फटीगसाठीची डिझाइन क्षमता = ०.८५ × (१ − क्षमता/२५०) × क्षमता/१.५. वय २८ दिवस धरलं आहे.

४० चं काँक्रीट: १९.० मेगापास्कल.
९० चं: ३२.६.
१२० चं, सूत्र वर्गाच्या बाहेर ताणून: ३५.४.

९० वरून १२० वर जायला एक तृतीयांश जास्त क्षमता, आणि फटीगमध्ये मिळतात ८ टक्के. सूत्राचा कळस १२५ वर येतो, त्यापुढे क्षमता वाढवली की फटीगची क्षमता कमी होते! काँक्रीट असं वागत नाही. पार्श्वभूमी माहीत नसेल तर हा नियम कुणालाही विचित्र वाटेल, पण त्याचं मूळ साधं आहे: (१ − क्षमता/२५०) हे १९९० च्या मॉडेल कोडमधून आलं. तेव्हा उच्च क्षमतेच्या फटीगच्या चाचण्या थोड्या होत्या, म्हणून मुद्दाम हात आखडता ठेवला. २०१० च्या मॉडेल कोडने २५० च्या जागी ४०० केले. त्याने ९० च्या काँक्रीटला ३९.५ मेगापास्कल मिळतात, युरोकोडपेक्षा २१ टक्के जास्त. हा सगळा फरक कागदावरचा आहे, काँक्रीट तेच.

मात्र गुणक पूर्ण निराधारही नाही. साध्या काँक्रीटमध्ये खडी आणि पेस्ट यांच्या सांध्याभोवतीचा पातळ थर कच्चा असतो. लहान भारालाच तिथे सूक्ष्म भेगा पडतात, खड्यांना वळसे घालत जातात, एकमेकींना अडवतात. नुकसान पसरतं, पण हळू. सिलिका फ्यूमने तो थर दाट झाला की भेग उशिरा सुरू होते. पण सुरू झाली की खड्यातूनच आरपार जाते, अडवायला वाटेत काही नसतं. त्यामुळे सापेक्ष पातळीवर आलेख साधारण सारखाच दिसला, तरी शेवट ठिसूळ असतो आणि पूर्वसूचना कमी.

प्रयोगवही, एक सापळा सांगतो. तुमचे चाचणीचे ठिपके कोडच्या रेषेवर टाकताना कोडचा भाजक घेऊ नका. सरासरी १०४ म्हणजे वैशिष्ट्यपूर्ण क्षमता (९५ टक्के नमुने जिच्या वर भरतात ती) साधारण ९६. २०१० च्या मॉडेल कोडने तिची फटीगसाठीची क्षमता, सुरक्षा गुणकाशिवायही, ६२ येते. तुमचा ७२.८ चा स्ट्रेस भागिले ६२ म्हणजे १.१७. कोडप्रमाणे तो नमुना पहिल्या आवर्तनातच फुटायला हवा होता. लोडसेल यांनी वर जशी सरासरी क्षमता भाजकात घेतली तीच पद्धत प्रयोगाच्या तुलनेला बरोबर. डिझाइनला कोडचा भाजक, प्रयोगाला सरासरीचा.

युरोकोडमधली (समतुल्य पातळी + ०.४३ × वर्गमूळ (१ − गुणोत्तर)) ही तपासणी (गुणोत्तर म्हणजे किमान भागिले कमाल) पाहून ०.४३ कुठून आला असं विचारलं जातं. पुलांच्या भागात आवर्तनांचा लॉग = १४ × (१ − कमाल पातळी) ÷ वर्गमूळ (१ − गुणोत्तर) असं सूत्र आहे. लॉग ६, म्हणजे १० लाख आवर्तनं, टाका. ६ भागिले १४ म्हणजे ०.४३. बस.

पाण्याखाली काम असेल तर वेगळाच हिशेब. समुद्रातल्या काँक्रीटसाठी डीएनव्ही या नॉर्वेच्या प्रमाणन संस्थेच्या नियमांत याच धर्तीचं सूत्र आहे: हवेत गुणांक १२, पाण्यात दाब-दाब असेल तर १०, पाण्यात दाब-ताण आलटून पालटून असेल तर ८. कमाल ०.६०, किमान ०.०५ घेऊन सोडवा: १२ च्या ठिकाणी १० येताच आयुष्य सातव्या हिश्शावर. भेगेत शिरलेलं पाणी भार उतरताना आत ओढलं जातं, चढताना दाबलं जातं, पाचरीसारखं काम करतं आणि बाहेर पडताना झिजलेली पूड घेऊन जातं. पाण्याखालच्या चाचणीत नमुन्याच्या अंगावरून बुडबुडे आणि गढूळ रेघा निघताना दिसतात. दाट काँक्रीटला पाण्याचं वावडं नाही असा समज असेल तर तो काढून टाका.

---

लोडसेल:

मनोरा यांच्या शेवटच्या मुद्द्यावरून: प्रयोगवही, तुमचे नमुने चाचणीच्या वेळी ओले होते की सुकलेले? ९० दिवस पाण्यात ठेवून थेट मशीनवर चढवलेला आणि महिनाभर खोलीत सुकलेला, हे दोन वेगळे नमुने आहेत. एकच स्थिती ठरवा. बाहेरून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ओलावा धरून ठेवणं सगळ्यांत सोपं, पण मग थंड व्हायला अडचण, हे गरमपट्टी यांच्या हिशेबात धरा.

आणखी एक. तुम्ही फक्त फुटण्याची आवर्तनं मोजताय असं दिसतं. प्रत्येक शिखरावरची विकृतीही नोंदवा. आलेख तीन टप्प्यांत येतो: सुरुवातीला झपाट्याने वाढ, आयुष्याच्या साधारण पहिल्या १० ते २० टक्क्यांपर्यंत, मग लांबलचक सरळ रेषा, शेवटी पुन्हा उसळी. उच्च क्षमतेत हा शेवटचा टप्पा आखूड असतो. मधल्या रेषेचा उतार आयुष्याच्या २० ते ८० टक्क्यांत मोजा आणि फुटण्याच्या आवर्तनांसमोर लॉग-लॉग कागदावर टाका. स्पार्क्स आणि मेंझिस यांनी १९७३ मध्ये हा संबंध दाखवला. स्ट्रेस पातळीच्या आलेखावर विखुरलेले ठिपके इथे बऱ्यापैकी रांगेत येतात. कारण उघड आहे: त्या नमुन्याची खरी क्षमता तुम्हाला माहीत नसते, पण त्याच्या सरकण्याच्या वेगाला ती माहीत असते. १२ हजारांत फुटलेला आणि १ लाख ९० हजारांना फुटलेला, हे दोन्ही या रेषेवर बसले तर गडबड पातळीत होती असं समजा. एखादाच रेषेबाहेर पडला तर त्या नमुन्यात दोष शोधा.

---

गरमपट्टी:

वरच्यात एक दुरुस्ती जोडतो, नाहीतर लोडसेल यांची युक्ती फसेल. काँक्रीट अंशामागे साधारण १० मायक्रोस्ट्रेन (लांबीचे दशलक्षांश) फुगतं. ३१ अंश तापलं की ३०० मायक्रोस्ट्रेन, तेही दाबाच्या उलट दिशेने. तुमची विकृतीची मधली रेषा त्यामुळे खोटी सपाट दिसेल, कधी थोडी उलटीही जाईल, आणि ‘नुकसान थांबलं’ असं वाटेल. पृष्ठभागाचं तापमान विकृतीसोबतच नोंदवा आणि फुगवटा वजा करूनच उतार काढा. कडकपणा मात्र एकाच आवर्तनातल्या फरकावरून निघतो, त्यात हा घोळ येत नाही.

---

मनोरा:

जिवाची काळजी घ्या. त्या सिलिंडरमध्ये शिखरावर ९० ज्यूल साठलेले असतात, मशीनच्या चौकटीत त्याशिवाय वेगळे. फुटतो तेव्हा आवाज बंदुकीसारखा येतो आणि कपच्या डोळ्याच्या उंचीवर उडतात. पॉलिकार्बोनेटचं कवच लावा. एलव्हीडीटी चुंबकी पकडीत ठेवा, म्हणजे धक्का बसला की सुटून पडतात, तुटत नाहीत.

---

प्रयोगवही:

सगळ्यांचे आभार. तारखा तपासल्या: १२ हजारांचा नमुना ३६ व्या दिवसाचा, १ लाख ९० हजारांचा ११४ व्या दिवसाचा. नमुने खोलीत सुकलेले, पण किती सुकले ते मोजलेलं नाही. पुढची फेरी ९० दिवसांनंतर, तापमानाची मर्यादा ठेवून.

दोन छोटे प्रश्न उरले. ०.६० चा १ हर्ट्झचा नमुना २० लाखांनाही फुटला नाही तर तो ०.७० ला चढवून पुन्हा वापरावा का? आणि मायनरचा नियम (प्रत्येक पातळीवरची आवर्तनं भागिले तिथलं आयुष्य, यांची बेरीज) लावताना बेरीज १ पर्यंत चालेल का?

---

लोडसेल:

पहिल्याला नाही. न फुटलेला नमुना पुढच्या पातळीवर चढवला की त्याचा आकडा कोऱ्या नमुन्याशी तुलना करण्याजोगा राहत नाही. खालच्या पातळीवर लाखो आवर्तनं खाल्लेला नमुना पुष्कळदा नव्यापेक्षा जास्त टिकतो. आलेखात २० लाखांवर बाण काढून ठेवा, आणि रेषा बसवताना त्याला ‘फुटला’ म्हणून मोजू नका. बाण सोडून दिले तर रेषा खाली ओढली जाते, फुटलेला म्हणून घेतले तरी तेच. न फुटलेल्यांचा हिशेब धरणारी पद्धत वापरा. मग तो नमुना स्थिर चाचणीत फोडा. उरलेली क्षमता मूळ क्षमतेएवढी किंवा थोडी जास्तच निघाली तर दचकू नका, ते नेहमीचं आहे. कडकपणा कमी आणि क्षमता शाबूत अशी जोडी दिसेल.

---

मनोरा:

मायनरचा नियम पामग्रेन यांनी १९२४ मध्ये बेअरिंगसाठी मांडला, मायनर यांनी १९४५ मध्ये विमानाच्या धातूसाठी. काँक्रीटमध्ये भारांचा क्रम महत्त्वाचा असतो आणि नियमाला क्रम दिसतच नाही, म्हणून फुटताना बेरीज १ च्या खालीही येते आणि वरही. त्याहून चांगला सोपा नियम हाताशी नसल्याने वापरायचा तोच, फक्त मर्यादा जागा पाहून: डीएनव्हीत पाहणी-दुरुस्तीला जाताच येत नसेल तर ०.३३, पाण्याखाली असूनही पोचता येत असेल तर ०.५, लाटांच्या पट्ट्याच्या वर असेल तर १. तुमच्या प्रयोगात दोन पातळ्यांच्या चाचण्या करणार असाल तर अर्धे नमुने आधी ०.६० मग ०.७५, अर्धे उलट क्रमाने घ्या, आणि पातळी बदलताना मशीन थांबवू नका. थांबलात तर विश्रांतीचा परिणाम क्रमाच्या परिणामात मिसळेल.